फुकट वार्तापत्र: सेवा कोणतीही घ्या, यादी आणि पत्ता मात्र स्वतःचा ठेवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं मराठी नाटकांवरचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. मुंबई-ठाण्यात या आठवड्यात कुठे कोणता प्रयोग आहे त्याचं वेळापत्रक आणि अधूनमधून परीक्षणं तुम्ही तिथे देता. व्हॉट्सॲपचा गट १,०२४ जणांवर भरला. दादरला शिवाजी मंदिराबाहेर आणि ठाण्याला गडकरी रंगायतनबाहेर वही घेऊन उभं राहून तुम्ही सातशेच्या आसपास ईमेल पत्ते जमवलेत. आता या सगळ्यांना दर आठवड्याला वार्तापत्र पाठवायचंय, आणि तेही खिशाला चाट न लावता. "ताई, कोणती फुकट सेवा घेऊ?" असं तुम्ही विचारलंय.

गेली चौदा वर्षं मी मुंबईतल्या लहान संस्थांची वार्तापत्रं लावून देते आणि काहींची चालवतेही. ग्रंथालयं आहेत, गिर्यारोहकांची मंडळं आहेत, एक-दोन प्रकाशक आहेत. सेवेचं नाव मी सांगेन, पण जरा पुढे. कारण यातला सर्वांत कमी टिकणारा निर्णय तोच आहे. फीडबर्नरमधली ईमेलची सोय गुगलने २०२१ च्या जुलैपासून काढून टाकली. कितीतरी मराठी ब्लॉगांवर 'नवीन लेख ईमेलने मिळवा' ही चौकट त्याच सोयीची होती. ट्विटरने रेव्ह्यू ही वार्तापत्राची सेवा २०२१ मध्ये विकत घेतली आणि २०२३ च्या जानेवारीत ती बंद झाली. तशीच दुसरी सेवा, टायनीलेटर, २०२४ च्या फेब्रुवारीअखेर संपली. मेलचिंपच्या मोफत योजनेत एके काळी २,००० वाचक बसायचे, नंतर तो आकडा ५०० वर आला. ज्यांच्याकडे वाचकांची यादी स्वतःच्या संगणकावर उतरवलेली असते आणि ज्यांची पत्रं स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे स्वतःच्या मालकीच्या इंटरनेट-नावावरून, जातात, ते अशा वेळी आठवडाभरात बिऱ्हाड हलवतात आणि वाचकाला बदल जाणवतही नाही. इतरांना पुन्हा वही घेऊन उभं राहावं लागतं.

त्यामुळे एका खर्चाला मात्र नाही म्हणू नका: स्वतःचं डोमेन. तुमचं संकेतस्थळ अजून वर्डप्रेसच्या फुकट उपपत्त्यावर असेल तर डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या. डॉट इन वर्षाला काहीशे रुपयांत मिळतं. नाटकाच्या दोन तिकिटांइतका खर्च समजा. देवनागरीतलं डॉट भारत डोमेनही मिळतं आणि मराठी माणूस म्हणून मला ते मनापासून आवडतं. पण वार्तापत्र पाठवण्यासाठी आज ते घेऊ नका. देवनागरी ईमेल पत्ता अजून सगळ्या सेवा स्वीकारत नाहीत आणि तुमचं पत्र मधेच कुठेतरी अडकेल.

डोमेन का लागतं ते नीट समजून घ्या. पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बहुतेक जण फुकट सेवेत खातं उघडतात आणि 'प्रेषक' म्हणून आपला जीमेलचा पत्ता टाकतात. पत्र निघतं सेवेच्या सर्व्हरवरून आणि वर नाव असतं जीमेलचं. पत्र घेणाऱ्याच्या दृष्टीने ही तोतयागिरी आहे. याहूने आपल्या पत्त्यांच्या बाबतीत २०१४ मध्येच अशी पत्रं नाकारायला सांगितलं. गुगलनेही २०२४ च्या फेब्रुवारीपासून लागू केलेल्या नियमांत जीमेलचं नाव लावून दुसरीकडून पत्रं पाठवू नका असं स्पष्ट म्हटलंय. आणि थेट जीमेलमधूनच पाठवू म्हणाल, तर साध्या खात्यातून दिवसाला ५०० जणांच्या पुढे जाता येत नाही. शिवाय सातशे पत्ते चुकून 'प्रति'च्या रकान्यात गेले की सातशे जणांचे पत्ते एकमेकांना दिसतात. एका मंडळाच्या बाबतीत हे घडलेलं मी पाहिलंय. त्यानंतर कित्येक दिवस लोक 'रिप्लाय ऑल' करून एकमेकांवर रागावत होते.

डोमेन आलं की त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाची माहिती ठेवणाऱ्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, तीन नोंदी करायच्या. नावं ऐकून घाबरू नका. एसपीएफ म्हणजे रखवालदाराकडे दिलेली नावांची यादी: माझ्या नावाने पत्रं आणणारी माणसं ही, बाकीच्यांना आत सोडू नका. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहर. ती शाबूत असली की पत्र तुमचंच आहे आणि वाटेत कोणी बदललेलं नाही हे कळतं. डीमार्क म्हणजे यादी आणि मोहर दोन्ही जुळली नाहीत तर पत्राचं काय करायचं याची तुमची सूचना. तिन्हींचा मजकूर वार्तापत्राची सेवा तयार करून देते, तुम्ही तो जसाच्या तसा उतरवायचा.

लोक अडकतात ते याच उतरवण्यात, म्हणून दोन जागा दाखवून ठेवते. पहिली, डीएनएसच्या पॅनेलमध्ये 'नाव' असा रकाना असतो. तिथे डोमेनसकट पूर्ण नाव टाकलं की बरीचशी पॅनेलं शेवटी पुन्हा स्वतःहून डोमेन जोडतात. मग नोंद भलत्याच नावावर होते आणि सेवा 'सापडली नाही' म्हणत राहते. डोमेनच्या आधीचा भागच तिथे टाकून पाहा. दुसरी, एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असते. होस्टिंगवाल्याने (संकेतस्थळाला सर्व्हरवर जागा देणाऱ्याने) आधीच एक केलेली असते, तुम्ही सेवेची दुसरी जोडता आणि दोन्ही निकामी होतात. नवी नोंद करू नका, जुन्यातच सेवेचा भाग घाला. डीमार्कचं धोरण सुरुवातीला 'नन' ठेवा, म्हणजे फक्त लक्ष ठेवायचं, अडवायचं काही नाही. दोन-तीन महिने सगळं सुरळीत गेलं की ते कडक करा.

त्या डोमेनवर एक पत्ताही हवा, कारण वाचक उत्तर देणार आणि ते तुम्हाला मिळालं पाहिजे. यालाही पैसे लागत नाहीत. डोमेनचं डीएनएस क्लाउडफ्लेअरवर नेलं तर तिथली ईमेल रूटिंगची मोफत सोय त्या पत्त्यावर आलेलं सगळं तुमच्या जीमेलमध्ये आणून टाकते. 'उत्तर देऊ नये' असा पत्ता कृपा करून ठेवू नका. ज्या माणसाला पत्र पाठवलं त्याला बोलायला मनाई करायची, हे मला बरोबर वाटत नाही.

आता तुमची वही. नाट्यगृहाबाहेर उभं राहून नावं जमवणं किती कष्टाचं आहे ते मला माहीत आहे. पण ते सातशे पत्ते सरसकट सेवेत चढवून पहिलंच पत्र सगळ्यांना धाडू नका. हीच चूक मी सुरुवातीच्या काळात केली. एका संस्थेच्या प्रदर्शनात जमलेली वही आम्ही रात्रभर बसून टाइप केली आणि सकाळी पत्र पाठवलं. घाईघाईत लिहिलेलं अक्षर, एक आणि एल यांतला गोंधळ, टिंब आहे की डाग हे न कळणं, यामुळे दीडशेच्या आसपास पत्रं परत आली. संध्याकाळी सेवेने आमचं खातं गोठवलं. सेवेचीही चूक म्हणता येत नाही. इतकी पत्रं परत येणारी यादी विकत घेतलेली असावी असाच कोणीही समज करून घेईल.

हिशेब करून बघा. गुगलचं म्हणणं असं की पत्र मिळालेल्यांपैकी ज्यांनी 'स्पॅम' दाबलं त्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांवर कधीच जाऊ नये, शक्यतो ०.१ च्या आत राहावं. ही अट लहान-मोठ्या सगळ्याच पाठवणाऱ्यांना आहे, जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर पत्रं पाठवणाऱ्यांनाच नाही. सातशेपैकी नुसत्या तिघांनी 'स्पॅम' दाबलं तरी तुम्ही ०.४ च्या वर गेलात. सहा महिन्यांपूर्वी मध्यंतरात वडा खाता खाता वहीत पत्ता लिहिलेल्या माणसाला तुमचं नाव आठवत नसेल तर तो 'स्पॅम'च दाबणार.

आणि इथे कायदाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत कागदावर घेऊन नंतर संगणकात चढवलेली माहितीसुद्धा येते, म्हणजे तुमची वही अगदी थेट. संमती मोकळ्या मनाने दिलेली, नेमक्या कामासाठी आणि कल्पना देऊन घेतलेली हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं हवं, असं हा कायदा सांगतो. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्यायही त्यात आहे, त्यामुळे तुमची मराठीतली सूचना नियमाला धरूनच आहे. वहीच्या डोक्यावर 'प्रयोगांची माहिती ईमेलने हवी असल्यास' असं लिहिलेलं होतं ना? होतं तर ठीक. सोडत किंवा अभिप्राय असं काही लिहून पत्ते घेतले असतील, तर ती पानं बाजूला ठेवा.

उरलेल्यांना आधी फक्त चार ओळींचं पत्र जाऊ द्या: 'तुम्ही अमुक महिन्यात शिवाजी मंदिराबाहेर आमच्या वहीत पत्ता दिला होता. दर गुरुवारी नाटकांचं वेळापत्रक पाठवणार आहोत. हवं असल्यास या दुव्यावर टिचकी मारा, नको असल्यास काहीच करू नका.' शंभर-शंभर पत्त्यांच्या तुकड्या करून, एक दिवसाआड. पहिल्या तुकडीत पाच-सातहून जास्त पत्रं परत आली तर थांबा आणि वही पुन्हा तपासा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप केलेलं पाहायचं. ज्यांनी टिचकी मारली तेच तुमचे वर्गणीदार. आकडा सातशेवरून बराच खाली येईल आणि त्या दिवशी मन खट्टू होईल. तरीही असंच करा. यापुढे मात्र वही बंद करा आणि तिथे क्यूआर कोड लावा. माणूस स्वतःच्या फोनवर स्वतःचा पत्ता टाकेल, म्हणजे अक्षर लावायचा प्रश्नच नाही.

संकेतस्थळावरच्या चौकटीत फक्त ईमेल विचारा. नाव, फोन, गाव काही नको. प्रत्येक रकान्यागणिक माणसं गळतात आणि जी माहिती घेतली नाही ती सांभाळावीही लागत नाही. चौकटीचा प्रकार 'ईमेल' असाच ठेवायला सांगा, नाहीतर फोनवर मराठी कळफलक उघडा राहतो आणि लोक देवनागरीत पत्ता टाइप करतात. बटणावर 'सबमिट' नको, 'दर गुरुवारी पाठवा' लिहा. आणि दुहेरी संमती चालू ठेवा: पत्ता टाकला की खात्रीचं पत्र जातं, त्यातला दुवा दाबला की मगच नाव यादीत. यंत्रं रात्रंदिवस अशा चौकटींत खोटे पत्ते भरत असतात, ते इथे अडतात. ते खात्रीचं पत्र मराठीत लिहिता येतं का हे खातं उघडताच तपासा. बहुतेक सेवांत तो मजकूर इंग्रजी असतो आणि साठीच्या पुढचा नाट्यरसिक इंग्रजी पत्रातला दुवा दाबायला कचरतो. त्याला तसं शिकवलेलंच आहे आणि ते योग्यही आहे.

बालनाट्यांची माहिती देत असाल तर आणखी एक. या कायद्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तेव्हा मुलांचे पत्ते घेऊच नका. 'पालकांनी आपला पत्ता द्यावा' असं चौकटीपाशीच लिहा.

आता सेवा. माझी कसोटी चार प्रश्नांची आहे. यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, कधीही उतरवता येते का? मोफत योजनेत स्वतःच्या डोमेनची मोहर लावता येते का? सगळी पत्रं एकाच दिवशी जातात का? सूचनांचा मजकूर मराठीत बदलता येतो का? यातल्या एकालाही 'नाही' असं उत्तर आलं तर ती सेवा सोडून द्या.

ब्रेव्हो, म्हणजे पूर्वीचं सेंडिनब्लू, याच्या मोफत योजनेत दिवसाला ३०० पत्रांची मर्यादा आहे. मासिकाला चालेल. तुमच्या वेळापत्रकाला नाही, कारण सातशे जणांना पोहोचायला तीन दिवस लागतील आणि शेवटच्या शंभरांना शनिवारी पत्र मिळेल, तेव्हा शनिवारचा प्रयोग उभा राहिलेला असेल. बटनडाउन मला फार आवडतं, साधं आणि स्वच्छ आहे, पण फुकट फक्त पहिल्या १०० वाचकांपर्यंत. सबस्टॅकवर मोफत वार्तापत्राला वाचकांची मर्यादा नाही, सशुल्क केलंत तरच ते १० टक्के घेतात. पण तिथे पत्र त्यांच्या पत्त्यावरून जातं, म्हणजे वर सांगितलेली डोमेनची मेहनत वाया. शिवाय पुढे वर्गणी घ्यायची म्हटली तर तिथले पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पैसे जमा करणाऱ्या सेवेतून येतात आणि स्ट्राइप २०२४ पासून भारतात नवी खाती निमंत्रणानेच उघडतं. किट, म्हणजे पूर्वीचं कन्व्हर्टकिट, याने २०२४ मध्ये मोफत योजना १०,००० वाचकांपर्यंत वाढवली. तळाला त्यांची छोटी जाहिरात येते, ती सोसा. तुमच्या जागी मी असते तर आज किटवर चाचणी घेतली असती, चारही प्रश्नांची उत्तरं स्वतः तपासून. हे आकडे बदलत असतात, खातं उघडायच्या दिवशी योजनेचं पान पुन्हा वाचा.

ओळखीत कोणी संगणकवाला असेल तर दुसरी वाट आहे आणि ती मला सगळ्यात पक्की वाटते. लिस्टमंक नावाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, बंगळूरूच्या झिरोधाचे तंत्रप्रमुख कैलाश नाध यांनी केलेलं. ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं आणि पत्रं ॲमेझॉनच्या एसईएस या ईमेल पाठवणाऱ्या सेवेतून सोडायची. तिथे १,००० पत्रांना १० सेंट पडतात. सातशे जणांना महिन्याची चार-पाच पत्रं म्हणजे तीन-साडेतीन हजार पत्रं, म्हणजे तीसेक रुपये. सर्व्हरचं भाडं वेगळं. पण नवं एसईएस खातं आधी चाचणीच्या कुंपणात असतं, दिवसाला २०० पत्रं आणि तीही पडताळलेल्या पत्त्यांनाच. बाहेर यायला अर्ज करावा लागतो आणि त्यात यादी कशी जमवली ते विचारतात. तिथेही दुहेरी संमती कामाला येते. हे करणारा माणूस गावी गेला की सगळं ठप्प होईल अशी स्थिती असेल, तर या वाटेला जाऊ नका.

वर्डप्रेसचं एखादं प्लगइन टाकून आपल्याच होस्टिंगवरून पत्रं सोडण्याचा मोह होईल. तो टाळा. स्वस्त होस्टिंगवर सर्व्हरच्या एकाच आयपी पत्त्यावर शेकडो संकेतस्थळं नांदतात, त्यातल्या एकानेही घाण केली की सगळ्यांची पत्रं कचऱ्यात जातात. त्यावर तासाला किती पत्रं याचीही मर्यादा असते.

आता पत्राच्या मजकुराबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठीतल्या वार्तापत्राच्या अडचणी इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाहीत.

जीमेल १०२ किलोबाइटच्या पुढचं पत्र कापतं आणि 'पूर्ण संदेश पाहा' असा दुवा देतं. इंग्रजीतलं एक अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी चिन्हं. 'नाट्यगृह' या शब्दात आठ चिन्हं आहेत, म्हणजे २४ बाइट. सेवेच्या रंगीत साच्यानेच ४० किलोबाइट खाल्ले तर तुम्हाला वीसेक हजार चिन्हं उरतात. वेळापत्रक आणि एक लांब परीक्षण एवढ्यात ही जागा संपू शकते. पत्र कापलं गेलं की तळाचा 'यादीतून नाव काढा' हा दुवा दिसेनासा होतो, आणि ज्याला तो सापडत नाही तो 'स्पॅम' दाबतो. म्हणून साधा, एका स्तंभाचा साचा घ्या, परीक्षणाचे पहिले दोन परिच्छेद द्या आणि पुढचं संकेतस्थळावर वाचायला बोलवा. नाव काढण्याचा दुवा पत्राच्या डोक्यावरही द्या, मराठीत.

साचे रोमन लिपीसाठी बनवलेले असतात. त्यात शीर्षकांच्या अक्षरांत अंतर सोडलेलं असतं, त्याने आपली शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्य करा. तिरपी अक्षरं काढून टाका. ओळींमधलं अंतर १.६ पट किंवा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. फॉन्ट कोणता हा विचार सोडून द्या, जीमेल तुमचा वेबफॉन्ट घेतच नाही. अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर, ज्याच्याकडे जे आहे त्यात तो वाचणार. आकार मात्र १७-१८ पिक्सेल ठेवा, नाटकाचा प्रेक्षक चाळिशीच्या चष्म्याचा आहे.

निर्मात्यांकडून येणारा मजकूर पुष्कळदा श्रीलिपीतला, म्हणजे छपाईसाठीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असतो. तो थेट चिकटवला तर वाचकाला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा, रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास हुकतात. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या' यांतला अर्धा र काही कळफलक एका अदृश्य जोडचिन्हाने लिहितात. काही साधनं विषयाच्या ओळीतून ते चिन्ह गाळतात आणि 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. टिंब असलेला 'ऱ' वापरून लिहिलंत तर हा घोळ होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वेळापत्रक चित्र म्हणून पाठवू नका. मला कळतं की निर्माते जाहिरातीची तयार जेपीजी देतात आणि ती सुंदर असते. पण तुमचा वाचक गुरुवारी संध्याकाळी कल्याणच्या जलद गाडीत उभा आहे, मधेच नेट गेलेलं आहे, चित्राच्या जागी राखाडी चौकोन दिसतोय. मजकूर असेल तर तो आधीच उतरलेला असतो. शिवाय शुक्रवारी त्याला आठवतं की मुलुंडच्या कालिदासला काहीतरी होतं, तो जीमेलमध्ये 'कालिदास' शोधतो आणि तुमचं पत्र वर येतं. चित्रातलं अक्षर असं भरवशाने सापडत नाही. नाट्यगृहानुसार लावा: दादर, माटुंगा, पार्ले, बोरिवली, मुलुंड, ठाणे, डोंबिवली, कल्याण, वाशी. लोक आधी 'मला कुठे जाता येईल' हे बघतात, नाटकाचं नाव नंतर. प्रत्येक ओळीत वार, वेळ, नाटक, तिकीट कुठे मिळेल. एक चित्र द्यायचंच तर वर एकच, हलकं.

विषयाच्या ओळीत 'वार्तापत्र क्रमांक १७' असं लिहू नका. फोनवर पहिले चार-पाच शब्दच दिसतात, तिथे बातमी हवी: 'शनिवारी पार्ल्यात दोन प्रयोग, रविवारी ठाण्यात'.

वार गुरुवारच ठेवा, संध्याकाळी सात-साडेसात. शुक्रवारी घरात बोलणं होतं, तिकिटं काढायला वेळ राहतो. पावसाळ्यात गाड्या बंद पडून प्रयोग रद्द झाला तर मात्र ईमेलवर विसंबू नका, ती तासाभराने उघडली जाते. त्यासाठी व्हॉट्सॲपचं चॅनेल काढा. ही सोय २०२३ पासून आहे, त्याला गटासारखी १,०२४ ची मर्यादा नाही आणि एकमेकांचे नंबरही दिसत नाहीत. दोन्ही माध्यमं ठेवा, प्रत्येकाचं काम वेगळं.

नव्या वर्गणीदाराला लगेच एक स्वागताचं पत्र जाऊ द्या. त्यात एकच प्रश्न विचारा: 'तुम्ही नाट्यगृहात पाहिलेलं पहिलं नाटक कोणतं?' उत्तरं येतात, भरभरून येतात, आणि ती वाचण्यात एक वेगळाच आनंद आहे. त्याचा तांत्रिक फायदाही होतो: ज्या पत्त्याला माणूस उत्तर देतो त्याची पत्रं जीमेल सहसा जाहिरातींच्या कप्प्यात किंवा स्पॅममध्ये टाकत नाही.

किती जणांनी पत्र उघडलं या आकड्याकडे फार पाहू नका. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या सोयीमुळे आयफोनच्या मेलमधली पत्रं न वाचताही उघडल्यासारखी मोजली जातात. दुव्यांवर किती टिचक्या पडल्या आणि किती उत्तरं आली ते पाहा. सहा महिने काहीच हालचाल नसलेल्यांना 'अजून पाठवू का?' असं एकदा विचारा आणि उत्तर आलं नाही तर नाव काढा. मोफत योजनेतली जागाही त्याने वाचते.

तळाशी टपालाचा पत्ता द्यावा लागेल. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा तो मागतो, म्हणून तिथल्या सेवा मागतात. घरचा पत्ता देऊ नका, आठवड्याला शेकडो लोकांकडे तो जाणार आहे. एखाद्या संस्थेचा त्यांच्या परवानगीने द्या किंवा टपाल खात्याची पोस्ट बॉक्स घ्या.

आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला यादी सीएसव्हीत उतरवून स्वतःच्या संगणकावर कुलूपबंद ठेवा. नावं काढून घेतलेल्यांची यादीसुद्धा वेगळी उतरवा, नाहीतर नव्या सेवेत जाताना त्यांनाच पुन्हा पत्र जाईल.

मोठी मोहीम ५ नोव्हेंबरला करा, मराठी रंगभूमी दिनाला. १८४३ मध्ये याच दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा त्या दिवशी नाट्यगृहाबाहेर क्यूआर कोड घेऊन उभं राहायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही. पण त्याआधी दोन गुरुवार फक्त घरच्या आणि ओळखीच्या वीसेक जणांना पाठवा. त्यात जीमेल, याहू, एखाद्याचा कार्यालयातला पत्ता, एक आयफोन, एक जुना अँड्रॉइड असं सगळं असू द्या. पाठवायच्या आधी मेल-टेस्टर या मोफत साधनाने पत्र तपासा, ते दहापैकी गुण देतं आणि एसपीएफ किंवा मोहर कुठे चुकली ते दाखवतं. मग शुक्रवारी सकाळी त्या वीस जणांना फोन करून एवढंच विचारा: पत्र कुठल्या कप्प्यात सापडलं, आणि रविवारचं नाटक कुठे आहे ते न शोधता दिसलं का.